भट्टीमामाचा उजवा हात

बसस्टँडसमोरच्या बेकरीत येणारी निम्मी माणसं पाव घ्यायला येत आणि उरलेली निम्मी भट्टीमामाचा हात बघायला. पाव मात्र दोघांनाही घ्यावाच लागे. कारण गल्ल्यावर दाजी बसलेले असत, आणि नुसत्याच उभ्या राहिलेल्या माणसाकडे ते ज्या नजरेने बघत, त्या नजरेवर एखादा पाव सहज भाजून निघाला असता.

दाजी म्हणजे बेकरीचे मालक, भट्टीमामाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची मुलं याला मामा म्हणत, म्हणून शेजारची मुलं म्हणू लागली, मग त्या मुलांचे बाप, मग बसचे ड्रायव्हर-कंडक्टर. शेवटी दाजीसुद्धा आपल्या मेहुण्याला ‘अरे मामा’ अशीच हाक मारू लागले. साऱ्या गावाच्या या मामाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. होती ती एक मामी, आणि एक भट्टी. दोघींपैकी कुणाजवळ जास्त वेळ जातो, हा घरातला जुना विषय होता.

सकाळची पहिली बस लागायची आणि भट्टीचं लोखंडी दार उघडायची वेळ मामाने बरोबर जुळवून आणलेली होती. प्रवासी उतरून हातपाय मोकळे करत असायचे. मामा बाही कोपराच्या वर सरकवायचा, एकदा मागे वळून गर्दी पुरेशी आहे ना ते बघायचा, आणि आत हात घालून फणफणता पत्रा कडेला धरून असा बाहेर ओढायचा, की जणू कपाटातून घडीचा शर्टच काढतोय. ना फडकं, ना गोणपाट. मग त्याच हाताने पाव भराभर टोपलीत. कुणीतरी हमखास ‘अरे बापरे’ म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय मामा दुसऱ्या पत्र्याला हात लावायचा नाही.

“मामा, भाजत नाही?”

“भट्टीला विचारा. तिलाच माझा चटका बसतो.”

पहिल्यापासून हे असं नव्हतं. ऐन विशीत बेकरीत आला तेव्हा चटका बसला की मामा असा काही नाचायचा, की ताई आतून विचारायची, “गाणं कुठलं लागलंय रे?” पुढे नाच कमी झाला, मग नुसता ‘स्स’ उरला, आणि गेल्या काही वर्षांत तोही गेला. सगळ्यांना त्याचं कौतुकच वाटलं. न्हावी म्हणे, मामा कसलंसं तेल लावतो आणि सांगत नाही. शाळेतले मास्तर म्हणत, सवय हो, शरीर सगळं शिकतं. मामा स्वतः म्हणे, “कातडी कमावलीय. तुम्ही शेतं कमावलीत, घरं कमावलीत, मी कातडी कमावली.” तळहातावर फोड आला तर तो ब्लेडने फोडून कामाला लागे. ज्या गोष्टीची काळजी वाटायला हवी होती तिच्यासाठी त्याला टाळ्या मिळत होत्या. आणि टाळ्या वाजत असताना काळजी करायचं कुणाला सुचतं?

मामीला सुचत होतं. मामी घरी शिलाई करायची. तोंडात टाचण्या असल्यामुळे बोलायची कमी आणि बघायची जास्त. नवऱ्याला शर्टाची वरची बटणं लावायला हल्ली वेळ लागतो, हे तिने बघितलं होतं. पाण्याचा पेला हातातून निसटतो, हे बघितलं होतं. उजव्या हाताची करंगळी इतर बोटांशी भांडण झाल्यासारखी जरा बाजूला, वाकून बसते, हेही. आणि कोपराखाली एक फिकट चट्टा होता. तो मात्र तिने बरेच दिवस पिठाचा समजून टॉवेलने पुसला.

“अहो, हे पीठ निघत कसं नाही?”

“बेकरीवाल्याशी लग्न केलंस. सोनाराशी केलं असतंस तर सोनं पुसलं असतंस.”

झालं. विषय हसण्यावारी गेला. मामाच्या घरातले निम्मे विषय असेच जात.

त्या सुमारास गावातल्या आरोग्य केंद्रात फोटो काढून औषध द्यायची सोय सुरू झाली होती. केंद्र म्हणजे एक खोली, एक खाट, एका पायाने आखूड असलेलं एक स्टूल, आणि सिस्टर. कातडीचे डॉक्टर पाहायचे तर दिवसभराचा प्रवास करून मोठ्या शहरात जावं लागे, आणि खरूज-नायट्यासाठी एवढी यातायात कोण करणार? माणसं दुकानातून कुठलीशी ट्यूब आणून चोळत आणि नायटा आणखी पसरवत. आता सिस्टर टॅबलेटवर फोटो काढून पाठवायची, शहरातल्या डॉक्टरीणबाई तो बघायच्या, आणि दोन-तीन दिवसांत उत्तर यायचं.

लोकांना आधी हे प्रकरण समजलंच नाही. फोटो म्हटल्यावर माणसं इस्त्रीचे कपडे घालून, भांग पाडून येऊ लागली. एका आजीबाईंनी पायाच्या भेगा दाखवायच्या म्हणून आदल्या दिवशी पायाला क्रीम चोळून, वर पावडर लावून आणली होती. कोपराचा फोटो काढायचा तरी चेहरा हसरा. सिस्टर वैतागून म्हणायची, “अहो काका, कोपर हसत नाही, तुम्ही कशाला हसता?” पण उत्तरं खरोखरच येऊ लागली, वर्षानुवर्षांचे नायटे बरे होऊ लागले, आणि गावाला खाजवण्याऐवजी दुसरी कामं करायला वेळ मिळू लागला.

मामाला तिथे जायचं काही कारण दिसत नव्हतं. कारण पावाने दिलं. एका सकाळी एक बाई पाव परत घेऊन आल्या. पावाच्या पोटाशी लाल ठसा होता. दाजींना वाटलं, जॅम. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. मामाची करंगळी खालच्या बाजूने पार चिरली होती. पत्र्याची कड लागली असणार. कधी, ते त्याला माहीत नव्हतं. टोपलीतल्या आणखी चार-सहा पावांवर तसेच ठसे निघाले.

“अरे मामा, दुखलं नाही तुला?” दाजींनी विचारलं.

“कामात असलं की दुखायला वेळ कुठे असतो, दाजी.”

दाजी हसले नाहीत. टोपली त्यांनी मागच्या बाजूला नेऊन रिकामी केली. दुपारी मामी नवऱ्याला जवळजवळ ओढतच आरोग्य केंद्रात घेऊन गेली.

नंबर यायला वेळ होता. समोरच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता होता. दुसरं काही बघायला नसल्याने मामाने तो वाचला. वरच्या चित्रात एका माणसाच्या दंडावर फिकट चट्टा होता, खाली मोठ्या अक्षरात प्रश्न, ‘चट्ट्यावर स्पर्श कळत नाही का?’ आणि त्याखाली रोगाचं नाव. मामाच्या घरात लहानपणी ते नाव कुणी उच्चारत नसे. उच्चारलंच तर आई लगेच म्हणे, नाव नको घेऊ. मामाने बाही हळूच खाली ओढली.

त्याने पटकन हिशेब केला. हा रोग निघाला तर आपल्या हातचा पाव कोण खाणार? बेकरी दाजींची, पण भट्टी त्याची होती. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं. गल्ल्यावर बसवलं की तो गिऱ्हाइकाला गोष्टी सांगत बसे आणि पैसे घ्यायचे विसरे. मळायला उभं केलं की पाठ धरे. भट्टीच्या तोंडापुढे उभा असला की मात्र सारं गाव त्याचा भाचा होत असे.

सिस्टरने जखम धुतली, मग कोपराखालचं पीठ धुतलं. पीठ गेलं, चट्टा राहिला. तिने दोन्हींचे फोटो पाठवले. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं. जखमेला मलम, आणि एक सूचना. फोटोत रंग कळतो, स्पर्श कळत नाही. चट्ट्यावर आणि हातावर कापसाच्या टोकाने स्पर्श करून बघा, रुग्णाने डोळे मिटलेले असावेत, आणि मला कळवा.

मामी त्याला पुन्हा केंद्रात घेऊन आली. मामाने डोळे मिटले. अगदी प्रामाणिकपणे, घट्ट मिटले. पण सिस्टर ज्या स्टुलावर बसली होती, ते आखूड पायाचं स्टूल होतं. ती कापूस टेकवायला पुढे झाली की ते कुरकुरायचं.

कुर्र.

“हो,” मामा म्हणाला.

कुर्र.

“हो.”

मध्येच त्याने थोडा खेळही केला. एकदा म्हणाला, “गुदगुल्या नका करू, सिस्टर.” सिस्टर हसली. बाहेर पाच-सहा जण ताटकळत होते, त्यातलं एक तान्हं पोर रडत होतं. तिने लिहिलं, स्पर्श कळतो. मामी दारात उभी होती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती, स्टुलाकडे नाही.

स्पर्श कळतो म्हटल्यावर डॉक्टरीणबाईंनी बुरशीचं मलम दिलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा फोटो पाठवायला सांगितलं. मामा खुशीत घरी आला. दुसऱ्या दिवशी त्याने करंगळीला पट्टी बांधून एकदम दोन पत्रे ओढून दाखवले. ‘अरे बापरे’ नेहमीपेक्षा मोठ्याने आलं.

दोन महिन्यांनी त्याला वेळ नव्हता. त्यानंतर बेकरीत मोठी ऑर्डर होती. पुढे सिस्टर रजेवर होती, आणि ती परत आली तेव्हा मामाला सर्दी होती. “सर्दीत कातडीचा फोटो चांगला येत नाही,” असं त्याने मामीला इतक्या गंभीरपणे सांगितलं, की तिला क्षणभर खरं वाटलं. तोवर करंगळीशेजारचं बोटही वाकलं. मामा आता बटणं डाव्या हाताने लावू लागला, आणि कुणी बघितलं तर म्हणायचा, “उजव्याला सुट्टी दिलीय. फार राबतो बिचारा.”

एका दुपारी तो काम आटपून घरी आला आणि ओट्यावर बसला. मामीने बघितलं, तळहातात भट्टीच्या लाकडाची लांब काडी शिरली होती. बोटभर तरी असेल.

“द्या इकडे,” ती म्हणाली आणि सुई घेऊन बसली.

मामाने हात तिच्या मांडीवर दिला, तोंड रस्त्याकडे केलं आणि गोष्ट सांगू लागला. आज एका प्रवाशाने पाव इतका गरम घेतला, की तो या खिशातून त्या खिशात टाकत टाकत बसपर्यंत गेला, आणि बसमध्ये बसला तो थेट पावावरच. मामा स्वतःच्या गोष्टीवर स्वतःच हसला. मग त्याला आठवण झाली.

“हळू हं. दुखवू नकोस.”

मामीने सुई खाली ठेवली.

“अगं, काढतेस ना?”

काडी तिच्या हातात होती. केव्हाची. मुळापासून ओढून काढली होती, रक्त आलं होतं, पदराने तिने ते टिपलंही होतं. तिने काडी नवऱ्यासमोर धरली. मामाने तिच्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं. मामाला बोलायला सुचलं नाही, असं त्यांच्या संसारात प्रथमच घडलं.

“सिस्टरला दिलेलं उत्तर खरं होतं?” मामीने विचारलं.

“अगं, भाजायचं कळत नाही म्हणून...”

“हो की नाही?”

“नाही.”

मामीने शिवणयंत्राला कापड तसंच लटकत ठेवलं आणि चपला घातल्या.

या वेळी तिने सिस्टरला उभं राहून तपासायला सांगितलं. स्टुलाची ती कुरकुर तिला आता आठवली होती, पण का, ते तिने सांगितलं नाही. नवऱ्याच्या डोळ्यांवर स्वतःच्या हाताने टॉवेल बांधला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मामा ताठ बसला, कान टवकारून. हो म्हणायला तो तयार होता. अगदी तोंडावर शब्द होता. तो वाट बघत राहिला. बाहेर एक गाडी गेली. कुणाच्या तरी घरात भांडं पडलं. त्याला वाटलं, सिस्टर अजून कापूस शोधतेय. त्याने गंमत करायला तोंड उघडलं, “सिस्टर, कापूस संपला असेल तर उशी फाडा...”

“झालं मामा,” सिस्टर म्हणाली. “हाताच्या दोन्ही बाजूंनी तपासून झालं.”

तिने कोपरामागे बोटाने चाचपलं. आत दोरीसारखी जाड नस लागली. मग फोटो. दोन्ही हात शेजारी शेजारी, तळवे वर, बोटं जितकी सरळ होतील तितकी. एका हाताची बोटं सरळ झाली. दुसऱ्या हाताची दोन तशीच वाकून राहिली, कितीही जोर केला तरी.

या वेळी उत्तर दोन दिवसांनी आलं नाही. संध्याकाळीच आलं, आणि फोटोच्या डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच फोनवर बोलल्या. आवाज तरुण होता.

“मामा, मी मामाच म्हणते. सिस्टरही तसंच लिहितात. हा कुष्ठरोग आहे असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात एकदा तपासणी करून घ्या, औषध फुकट मिळतं. याने हा रोग पूर्ण बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणालाही धोका राहत नाही.”

“आणि हात?” मामीने विचारलं.

“जंतू मरतील. व्यायामाने बोटं आणखी वाकायची थांबतील. पण गेलेला स्पर्श... आम्ही नसेसाठी वेगळ्या गोळ्या देऊन बघू, तरी खोटी आशा मी दाखवणार नाही. काही भाग आधीच गेला असेल. बाकीचा पहिल्या फोटोच्या वेळी कळलं असतं तर वाचवता आला असता, कदाचित.” मग त्या म्हणाल्या, “सिस्टर, तेव्हा तुम्ही स्पर्श कळतो असं लिहिलं होतं.”

“हो मॅडम,” सिस्टर म्हणाली. तिने मान खाली घातली होती. “माझ्याच तपासण्यात...”

“स्टूल वाजत होतं,” मामा म्हणाला.

“काय?”

“सिस्टर पुढे झाल्या की स्टूल वाजायचं. मी स्टुलाला हो म्हणत होतो, डॉक्टर. कापसाला नाही.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही. या खोलीतही कुणी हसलं नाही. मामाचं असं वाक्य वाया जाणं, हेही पहिलंच.

जिल्ह्याला तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काम करायला हरकत नाही, मात्र उघड्या हाताने गरम वस्तूला स्पर्श नको. सिस्टरने जाड हातमोजे मिळवून दिले. पहिल्या दिवशी मामा हातमोजे घालून भट्टीपुढे उभा राहिला तेव्हा बसमधून उतरलेली माणसं हसली.

“मामा, थंडी वाजतेय का भट्टीपाशी?”

“नवीन फॅशन आहे. शहरात पावाला पण हात धुऊन शिवतात.”

दुसऱ्या दिवशी हसणारे कमी होते. केंद्रातला तक्ता सगळ्यांनीच कधी ना कधी वाचलेला होता. वाकलेली बोटं हातमोज्यात मावत नाहीत, हे दिसायला डॉक्टर लागत नाही. आठवड्याभरात एकेक जण गल्ल्यापाशी घुटमळून विचारू लागला, “दाजी, हा पाव कुणी काढला?”

दाजींना श्रेय दिलं पाहिजे. पहिले काही दिवस ते भांडले. एका गिऱ्हाइकाला तर त्यांनी सरळ सांगितलं, “मी मळला, मी काढला आणि मीच खाणार आहे. तू चालू लाग.” त्यांनी त्याच्यासमोर खरंच एक पाव खाऊन दाखवला. पण अख्ख्या गावाचे पाव एकटा माणूस किती खाणार? संध्याकाळी टोपल्या भरलेल्याच राहू लागल्या. रोज सकाळी ताई शिळे पाव शेजारच्या गाईम्हशींना घालू लागली, आणि एके दिवशी शेजारणीने तेही नको म्हणून सांगितलं.

मग दाजी मामाच्या घरी आले. ओट्यावर बसले. हवेविषयी बोलले. मैद्याच्या पोत्यांविषयी बोलले. मामीने केलेला चहा थंड करून प्यायले आणि पुन्हा हवेविषयी बोलू लागले.

मामालाच त्यांची दया आली. “दाजी, भट्टीला दुसरा माणूस बघा.”

“छे छे, काहीतरीच.”

“माझी पाठही दुखते हल्ली.”

“खरंच दुखते?” दाजींनी इतक्या आशेने विचारलं, की मामाला हो म्हणावंच लागलं. “मग थोडे दिवस विश्रांती घे तू. बरा झालास की भट्टी तुझीच. तू म्हणतोस म्हणून हं, मामा. मी म्हटलं नाही.”

“नाही दाजी. तुम्ही कुठे म्हटलं.”

गोळ्या मामाने एकही न चुकवता घेतल्या. दर महिन्याला फोटो गेला. आता त्याला हात कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, सगळं पाठ झालं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलं, औषध पूर्ण, रोग बरा. सिस्टर ते घेऊन स्वतः बेकरीत गेली आणि गल्ल्यासमोर उभं राहून दाजींना वाचून दाखवलं. मामा रस्त्याच्या पलीकडे थांबला होता. नवा माणूस ओल्या गोणपाटाने पत्रा ओढत होता. गर्दी नव्हती. पाव मात्र संपत आले होते.

“मला पटतं, सिस्टर,” दाजी म्हणाले. त्यांनी रस्त्यापलीकडे बघितलं नाही. “शंभर टक्के पटतं. पण मी पाव विकत घेत नाही हो, विकतो.”

सिस्टर परत आली तेव्हा काय सांगावं ते तिला कळेना. मामाने तिचा प्रश्न सोडवला. म्हणाला, “ऐकलं मी. कान शाबूत आहेत अजून.” आणि तो घराकडे वळला.

हल्ली मामा घरी असतो. मामीने त्याला चुलीला, इस्त्रीला आणि चहाच्या भांड्याला हात लावायला बंदी केली आहे. तो कापडांच्या घड्या घालतो, गुंड्या निवडतो, आणि कपडे शिवून घ्यायला आलेल्या बायकांना दारातून गोष्टी सांगतो. त्या हसतात, आणि आत यायच्या आधी ओट्यावरची आपली जागा जरा निरखून बसतात. मामाला ते दिसतं. तो गोष्ट थांबवत नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी मामी घमेल्यात पाणी घेऊन बसते. डॉक्टरीणबाईंनी रोज हात धुऊन तपासायला सांगितलं आहे. ती त्याचा उजवा हात पाण्यातून काढते, पुसते आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून एकेक बोट उलटंपालटं करून बघते. परवा मामाने दुसरीकडे बघत विचारलं, गावाहून आलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं,

“काय म्हणतोय?”

“अंगठा ठीक. मधलं बोट ठीक. इथे खाली फोड आहे.”

“कसला?”

“भाजल्याचा दिसतो.”

“भट्टी तर नाही. चूल तर तू शिवू देत नाहीस. कशाने भाजला?”

“मला काय माहीत? हात तुमचा.”

मामाने वाकून बघितलं. फोड चांगला पाण्याने टम्म भरलेला होता. सकाळपासून आपण कुठे कुठे गेलो, कशाकशाला हात टेकला, ते तो आठवू लागला. उन्हात तापलेला फाटकाचा लोखंडी दांडा असेल, नाहीतर ताईने दिलेली गरम वाटी असेल. काही नक्की सांगता येईना. मामीने मलमाची डबी उघडली आणि तो आठवत राहिला.